दीड वेढा आणि आंबा घाट

आंबा घाटाविषयी लिहायचे म्हटले की लेखकाची लेखणी आपोआप ठरल्या वाटेने चालू लागते. आधी धुके येते, मग दरी येते, मग करवंदीच्या जाळ्या येतात. घाट उतरल्यावर कोकणातली पहिली कौलारू घरे दिसतात आणि लेख संपतो. असा एक लेख मीही पूर्वी लिहिला आहे. तो वाचून कुणाचे काही नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. पण या घाटातून मी दोनदा असा गेलो की धुक्याकडे आणि दरीकडे माझे लक्षच नव्हते. माझे सगळे लक्ष होते शेजारी बसलेल्या आईच्या चेहऱ्याकडे आणि मोटारीच्या पोटाखालून येणाऱ्या आवाजाकडे. त्या दोन प्रवासांची ही हकीकत आहे. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या स्प्रिंगांवर लिहावे हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. दोन वर्षांपूर्वी मलाही वाटले असते.

माझा भाचा ओंकार चोवीस वर्षांचा. पोटासाठी तो संगणकाचे काम करतो, पण जीव त्याचा मोटारीत. कोल्हापूरकरांना वाहनाचे वेड रक्तातूनच मिळते. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते तेव्हा तिला पाहायला केवढी गर्दी लोटते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी अधिक सांगायला नको. ओंकारने २०२२ मध्ये एक जुनी छोटी मोटार घेतली आणि पुढच्या वर्षी ती ‘खाली बसवली’. म्हणजे काय, तर चाक आणि चाकावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये जी चार बोटे जागा असते ती एका बोटावर आणली. शहरातल्या एका झगझगीत दुकानात त्याने मूळच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून घेतले आणि १५ इंची चाके काढून १७ इंची चकचकीत चाके बसवली.

गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी आधी हसलो. मग जरा मागे सरून पाहिले आणि, खोटे कशाला बोलू, मला ती आवडली. उभी असलेली गाडी उडी मारण्यासाठी दबा धरून बसलेल्या जनावरासारखी दिसत होती. पहिली गाडी लग्नाच्या पंगतीत पाट न मिळालेल्या पाहुण्यासारखी अवघडून उभी असायची. ही ऐसपैस मांड ठोकून बसली होती. मी वर्गात सौंदर्यशास्त्र शिकवतो. आकार आणि आशय यांवर तासभर न थांबता बोलू शकतो. ओंकारला चाकांसाठी पंधरा हजार कमी पडत होते, ते मीच दिले. पुढे जे घडले त्यात माझा वाटा किती, हे वाचकांना कळावे म्हणून हा आकडा आधीच सांगून ठेवतो.

आईचे माहेर साखरप्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत दोन कोसांवर. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मणक्यांची झीज झालेली, गुडघे कुरकुरणारे. पण २०२३ च्या गणपतीला माहेरी जायचेच, असा तिने श्रावणातच हट्ट धरला. ओंकार म्हणाला, “आजी, माझ्या गाडीतून जाऊ.” तो गाडी चालवायला, शेजारी माझी ताई म्हणजे त्याची आई, मागे मी आणि आई, अशी आम्ही चतुर्थीच्या आदल्या सकाळी मंडळी निघालो.

पंचगंगा ओलांडून केर्लीपर्यंत गाडी बरी चालली. उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर ढगात होता. वाघबीळापाशी पन्हाळ्याचा फाटा मागे पडला, आणि मग रस्त्याने आपले खरे रूप दाखवायला सुरुवात केली. रत्नागिरी-कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६. त्या वर्षी त्याच्या चौपदरीकरणाचे काम चालले होते. कुठे नवा गुळगुळीत तुकडा, कुठे चिखलातून काढून दिलेली वळणवाट, आणि दोहोंच्या सांध्यावर हातभर लांबीची पायरी. नव्या तुकड्यावर गाडी लोण्यावरून चालावी तशी चाले. सांधा आला की खालून ‘धाड्’ असा आवाज येई आणि तो आवाज थेट आपल्या दातांत ऐकू येई.

गतिरोधकांची तर कथाच वेगळी. इंडियन रोड्स काँग्रेसने गोल गतिरोधकाचे माप ठरवून दिले आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा अशी योजना आहे. हे मी पुढे वाचले आणि ओंकारने त्यावर गणित करून दाखवले. पुढचे व मागचे चाक यांत सुमारे अडीच मीटर अंतर असले, तर अशा गतिरोधकावर मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा साडेचार सेंटिमीटरच वर येतो. म्हणजे शास्त्रोक्त गतिरोधकावरून बसकी गाडीसुद्धा हळूहळू निभावून जाते. पण आपल्याकडे शास्त्रोक्त गतिरोधक आणि शास्त्रोक्त गायन ही सारखीच दुर्मिळ. गावागावाने आपापल्या मुलाबाळांच्या काळजीने घातलेले ते आखूड, उभे बांध असतात. मूळची गाडी जमिनीपासून १६५ मिलिमीटर उंच होती. त्यातले साठ दुकानदाराने घेतले. आम्ही चौघे, नारळ, उकडीचे पीठ आणि ताईच्या तीन पिशव्या यांनी मिळून आणखी चाळीस घेतले. उरले पासष्ट. प्रत्येक बांधावर गाडीचे पोट खरवडून निघत होते, आणि त्या आवाजाने ओंकारचा चेहरा असा होई की कुणी त्याचीच पाठ खरवडते आहे.

बांबवडे गेले, मलकापूर गेले. आई काही बोलत नव्हती. खिडकीवरची मूठ तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि दर खड्ड्याला ती सीटवरून किंचित उचलली जात होती. खड्डा आला की आपले वजन हातांवर घ्यायचे, हे तिने स्वतःच शोधून काढले होते. मी विचारले, “आई, दुखतंय का गं?” ती म्हणाली, “नाही रे. तू बाहेर बघ, धुकं किती छान पडलंय.” आंबा गाव मागे टाकून आम्ही घाटात शिरलो. धुके खरोखरच छान पडले होते. मी ते पाहिले नाही.

साखरप्याला गाडी थांबली. आई उतरू लागली, पण सीट इतकी खाली गेली होती की गुडघे तिला वर उचलीनात. ताईने आणि मी दोन बाजूंनी धरून तिला काढले. ती हळूहळू चालत एसटीच्या स्थानकावर जाऊन बाकावर बसली, थोडे पाणी प्याली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी एसटीने येते.”

ज्या आईने आयुष्यभर एसटीच्या धक्क्यांना शिव्या घातल्या, ती आई नातवाच्या गाडीतून उतरून एसटीची वाट पाहत बसली होती. ओंकार गाडीला टेकून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. गणपती झाले, परतीलाही आई लाल गाडीनेच आली. कोल्हापुरात आल्यावर ती सोळा दिवस अंथरुणावर होती. हाड मोडलेले नाही, पण यापुढे धक्के नकोत, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या सोळा दिवसांत ओंकार एकदाही घरी आला नाही. रोज सकाळी फोन करून आईशी न बोलता माझ्यापाशी तिची चौकशी करी आणि ठेवून देई.

दिवाळीही तशीच गेली. डिसेंबरात एका रविवारी तो आला आणि दारातूनच म्हणाला, “मामा, उद्यमनगरात येता? एकटा जायला नको वाटतं.”

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे. अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा रस्सा एवढ्यावर कोल्हापूर संपले असे समजून पाहुणे परत जातात. पण या शहराचे हात पाहायचे असतील तर इथे यावे लागते. ओतशाळा, लेथ, भट्ट्या, ओळीने लागलेल्या शेड्स, लोखंडाच्या भुशाचा वास, आणि कुठल्याही जुन्या यंत्राचा भाग समोर ठेवला तर ‘उद्या या’ म्हणणारी माणसे. अशाच एका शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री होते. त्यांचे वडील टांग्याच्या कमानी घडवीत. हे स्वतः चाळीस वर्षे मोटारींच्या.

ओंकारने आपली कहाणी सांगितली. किती इंची चाक, कुठल्या कंपनीचे, किती खाली, सगळे आकडे घडाघडा म्हणून दाखवले. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: “बसणार कोण हाय त्यात?”

ओंकार गप्प झाला. मी म्हणालो, “माझी आई.”

“वय?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“मग आधी ते सांगायचं सर,” ते म्हणाले. “गाडी रस्त्यावर चालती, पर बनवायची माणसाच्या मापानं.”

त्यांनी गाडी जॅकवर घेतली. चाक लोंबकळताच मागची कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत खुळखुळ हलू लागली. मिस्त्रींनी ती दोन बोटांनी फिरवून दाखवली. “ही बघा. चाक हवेत गेलं की हिला जागा सोडायला मोकळीक हाय. घाटात अशी सुटली तर?” मला तो खुळखुळाट अजून ऐकू येतो. आमचे नशीब, घाटात तसे झाले नव्हते.

मग त्यांनी आम्हांला जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. स्प्रिंग एकदा दबली की हेलकावे खात राहील. ते हेलकावे निववतो तो शॉकअप, म्हणजे तेलाने भरलेला दट्ट्या. आणि चाक फारच वर आले तर शेवटी धक्का अडवायला एक रबरी गट्टू असतो. आराम या तिघांच्या मेळातून येतो, पण तिघांनाही एकच गोष्ट लागते: चाकाला वर-खाली होण्यासाठी जागा. खड्डा आला की चाकाने हलावे आणि माणसाने हलू नये, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा अर्थ. आमच्या गाडीत चाकाला वर यायला सुमारे आठ सेंटिमीटर वाव होता. सहा सेंटिमीटर गाडी खाली आणली, म्हणजे वाव उरला दोन. चौघे बसल्यावर तोही संपला. साखरप्यापर्यंत आई स्प्रिंगवर बसून आलीच नव्हती. ती त्या रबरी गट्टूवर बसून आली होती.

वेढे कापण्याचा दुसरा दोष असा की स्प्रिंग आखूड होताच ताठही होते. साडेपाच कामाच्या वेढ्यांतले दीड काढले तर उरलेल्या चारांना तेवढेच दाबायला सुमारे १.४ पट जोर लागतो. काही जण तर भट्टीवर तापवून स्प्रिंग बसवतात. त्याने पोलादाचे पाणीच उतरते. शॉकअप मात्र जुनाच राहतो. तो मूळ स्प्रिंगच्या हेलकाव्याला बेतलेला, या ताठ स्प्रिंगचा हेलकावा त्याला आवरत नाही. साध्या सुखाच्या गाडीचे अंग सेकंदाला एक ते दीड वेळा वर-खाली होते, आणि ते शरीराला मानवते. बसलेल्या माणसाला सर्वांत अधिक बाधते ती सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी थरथर. चाकाची जागा संपली आणि टायर पातळ झाला की नेमकी तसली थरथर वर येऊ लागते.

टायरचे ऐकून मी पुढे सरसावलो, कारण टायरवरचा मजकूर वाचणे हे मला माझ्या प्रांतातले काम वाटले. मूळच्या टायरवर लिहिले होते ‘१८५/६५ आर १५’. याचा विग्रह असा: १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरांत, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा पासष्ट एवढी टायरच्या भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ म्हणजे आतल्या चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच सामासिक शब्दात मिलिमीटर, टक्का आणि इंच सुखाने नांदतात. असा समास आमच्या व्याकरणात नाही. हिशेब केला तर या टायरची भिंत १२० मिलिमीटर भरते. ओंकारने बसवलेला टायर ‘२०५/४५ आर १७’. त्याची भिंत ९२. बाहेरून चाक जवळपास तेवढेच, पण धातू वाढला आणि हवा अठ्ठावीस मिलिमीटरांनी कमी झाली. रस्त्याचा पहिला धक्का ही हवाच खाते. आणि ज्या सौंदर्यासाठी मी पंधरा हजार मोजले होते, ते सौंदर्य म्हणजे आईच्या पाठीखालून काढून घेतलेली ती हवा होती.

मिस्त्रींनी दोन्ही चाके टायरसकट शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. मूळचे पंधरा किलो, नवे साडेएकोणीस. स्प्रिंगच्या खाली जे वजन असते ते रस्त्याबरोबर उडते. ते जितके जड तितके आवरायला कठीण. “बुटात दगड घालून पळल्यागत,” मिस्त्री म्हणाले.

ओंकार हार मानणारा नव्हता. त्याने मोबाइलवर फ्रान्समधल्या सिट्रोएन डीएस या गाडीचे चित्र काढून पुढे धरले. ती १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली. दिसायला जमिनीला लगटून असलेली आणि बसायला पलंगासारखी म्हणून जगभर तिची ख्याती झाली. “मग हे कसं जमलं?” तो म्हणाला. मिस्त्रींनी चष्मा लावून पाहिले. त्या गाडीत पोलादी स्प्रिंगच नव्हती. प्रत्येक चाकावर एक गोळा, त्यात दाबलेला वायू आणि तेल. वजन वाढले की पंप तेल ढकलून गाडीची उंची पूर्ववत करी, आणि वायू आपला मऊपणा सोडत नसे. “म्हंजे बघ,” मिस्त्री म्हणाले, “वरनं गाडी बसकी दिसती, पर आत चाकाला जागा ठेवलीय. तू वरचं घेतलंस, आतलं सोडलंस.” टीकाशास्त्रावरचे अनेक ग्रंथ मी वाचले आहेत, आकार आणि आशयाचा निवाडा इतक्या थोडक्यात झालेला माझ्या पाहण्यात नाही.

तरी मिस्त्रींनी त्याची हौस मोडली नाही. मला वाटले होते ते म्हणतील, सगळे मूळचे बसव आणि घरी जा. पण ते म्हणाले, “हौस वाईट न्हाई. पंचवीस मिलिमीटर खाली घे. डोळ्याला कळतं, पाठीला कळत न्हाई.” मात्र एक अट घातली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निकाल दिला आहे. तेव्हा आधी आरटीओत विचारून ये, विमा कंपनीला लेखी कळव, मगच मी पाना हातात घेतो, असे त्यांनी बजावले. ओंकारने दोन खेपा घालून विचारपूस केली, कागद पुरे केले, आणि जानेवारीत काम सुरू झाले.

निवड चाकापासून झाली. ओंकारला निदान १६ इंची हवे होते. ‘१९५/५५ आर १६’ची भिंत १०७ मिलिमीटर, तेवढे चालेल का, असे तो विचारत होता. मिस्त्रींनी आईच्या बाजूने तेरा मिलिमीटरांसाठी घासाघीस केली आणि जिंकली. १५ इंचीच पण हलके अलॉय घ्यायचे आणि टायर मूळच्याच मापाचा, असे ठरले. चाक घेताना नुसता व्यास पाहून भागत नाही. बोल्टांच्या वर्तुळाचे माप जुळावे लागते, मधले भोक गाडीच्या हबवर घट्ट बसावे लागते, आणि चाक आत-बाहेर किती येते तो ऑफसेट मूळच्या जवळ असावा लागतो. नाही तर वळताना टायर पत्र्याला घासतो आणि स्टिअरिंग जड होते. टायरवरचा भाराचा आकडाही पाहायचा. आमच्यावर ८८ होता, म्हणजे एका टायरला ५६० किलो. तो कमी होता कामा नये.

मग स्प्रिंगा. कापलेल्या नव्हेत, तर पंचवीस मिलिमीटर कमी उंचीसाठीच घडवलेल्या, मूळच्यापेक्षा किंचितच ताठ. त्यांच्याबरोबर त्यांनाच जुळणारे आखूड दट्ट्याचे शॉकअप, आणि शेवटच्या धक्क्यासाठी हळूहळू घट्ट होत जाणारा फोमचा गट्टू. गाडी किती खाली आली हे मिस्त्रींनी जमिनीपासून मोजले नाही. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजले, चारही बाजूंना, आधी आणि नंतर. कारण टायरमधली हवासुद्धा जमिनीचे माप बदलते. सगळे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले, म्हणजे रबरी बुश पिळून राहत नाहीत. मग चाकांची अलाइनमेंट, दिव्यांचे झोत खाली-वर करून नेमके करणे, आणि हवेचा दाब दारावरच्या चिठ्ठीत लिहिला आहे तेवढाच. शेवटी मिस्त्री स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, “चल, कळंब्यापर्यंत.” परत आल्यावर ते काही बोलले नाहीत; नुसती मान हलवली. ओंकारने त्यांच्या पाया पडून घेतल्या.

आता राहिली आई. तिला सांगायचे कुणी? ओंकारने गाडी आणून दारात लावली आणि खाली मान घालून म्हणाला, “आजी, शिमग्याला न्यायचं का तुला?” आईने गॅलरीतून गाडी पाहिली. “ही तर तशीच दिसते रे,” ती म्हणाली. मी तिला १८५/६५चा विग्रह सांगू लागलो, तेव्हा तिने मला हाताने थांबवले. “तो नेतो म्हणतोय ना? मग झालं.”

२०२४ च्या मार्चमध्ये, होळी झाल्यावर, आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. तेच चौघे, तसेच नारळ, तशाच पिशव्या. रस्त्याचे काम चालूच होते. चिखलाची जागा धुळीने घेतली होती. पहिला सांधा आला. मी श्वास रोखला. खालून ‘धप्’ असा मऊ आवाज आला, गाडी एकदा वर झाली, एकदा खाली आली आणि थांबली. दुसरा हेलकावा आला नाही. गावातल्या बांधांवर ओंकार गाडी जवळजवळ थांबवून एकेक चाक तिरके वर चढवी. एकदा कुठेतरी पोट घासले. तेव्हा आरशातून त्याने आईकडे पाहिले. आई बांधाकडे पाहत नव्हती. तिचे हात मांडीवर होते. वरची मूठ मोकळी हलत होती.

मलकापूर सोडल्यावर ती बोलू लागली. विशाळगडाचा मुलूख जवळ आला, म्हणून मला पावनखिंडीची आठवण झाली. १६६० च्या जुलैत, भर पावसात, पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजीमहाराज याच डोंगरांतून विशाळगडाकडे गेले. पालखीतून गेले, अशी परंपरा आहे. आम्ही शिकवतो ते बाजीप्रभूंचे शौर्य, आणि ते शिकवलेच पाहिजे. पण त्या दिवशी मला प्रथमच भोयांची आठवण झाली. चिखलात, काळोखात, दगडधोंड्यांवरून ती पालखी रात्रभर कुणाच्या तरी गुडघ्यांवर पेलली गेली होती.

घाट उघडा होता. धुके नव्हते, पांगारा फुलला होता, उतारावर काजूची बोंडे पिवळी-लाल झाली होती, आंब्यांना कैऱ्या धरल्या होत्या. हे सगळे मी पाहिले, कारण आई ते मला दाखवत होती. साखरप्याला ओंकारने विचारले, “आजी, थांबायचं का?” ती म्हणाली, “कशाला? चल की.” स्थानकावरचा तो बाक मागे गेला. ताईने डोळ्यांना पदर लावला. मी बाहेर पाहिले.

मामाच्या घरापुढे ओंकारने गाडी जोत्याला समांतर अशी आणून लावली की आईचा पाय दार उघडताच वरच्या पायरीवर पडावा. हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आई एका हाताने दाराची कड धरून आपली आपण उतरली.

रात्री देवीची पालखी घरी आली. ढोल वाजत होते, अंगणात माणूस मावत नव्हते. आईने ओटी भरली, डोके टेकवले आणि मग खुर्चीवर बसून पालखी नाचवणाऱ्यांकडे पाहत राहिली. गावच्या पोरांनी ओंकारलाही ओढले. त्याने खांदा दिला आणि दोन फेऱ्यांतच घामाघूम झाला. तो ताठ उभा राही आणि दांडा त्याच्या खांद्यात रुते. शेजारचा मानकरी ओरडला, “अरे, गुडघा मोड, गुडघा! कांबीसारखा राहू नकोस!” ओंकारने गुडघे सैल सोडले. मग पालखी खाली गेली की तो खाली जाई, वर आली की वर येई, आणि वरच्या देवीचे निरंजन विझत नव्हते.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर तो आईच्या पायाशी येऊन बसला आणि खांदा चोळू लागला. आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“दुखतंय का रे?” तिने विचारले.

“नाही गं,” तो म्हणाला, आणि दोघेही हसू लागली.